तीन टक्क्यांच्या आत

छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेला वाळूज आणि पूर्वेला शेंद्रा. १९८५ साली तत्कालीन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते बजाज ऑटोच्या वाळूज कारखान्याचे उद्घाटन झाले आणि पुढच्याच वर्षी बजाजने एम-८० आणि कावासाकी केबी १०० बाजारात आणल्या. दोन्ही कार्बोरेटरवर चालणाऱ्या. २००१ साली शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना सुरू झाला. तिथून बाहेर पडणाऱ्या ऑक्टाव्हियाच्या बॉनेटखाली कार्बोरेटर शोधूनही सापडला नसता, कारण पेट्रोल किती सोडायचे हे तिथे संगणक ठरवत होता. या दोन कारखान्यांच्या मधल्या शहरात आजही प्रीमियर पद्मिनी, अँबेसेडर, जुनी मारुती ८०० आणि चेतक स्कूटर जपणारी माणसे आहेत. कुणाकडे वडिलांची गाडी आहे, कुणी हौसेने विकत घेतली आहे. या सगळ्यांना दर सहा महिन्यांनी एकाच दारात उभे राहावे लागते, ते म्हणजे पीयूसी केंद्राच्या.

गाडी पास होईल का, हा मालकाचा प्रश्न. पास करायची कशी, हा मिस्त्रीचा. आणि पास झालेली गाडी खरोखर स्वच्छ धूर सोडते का, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. तिन्हींची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत.

आधी आकडे पाहू. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ११५ खाली ही तपासणी होते आणि सध्याच्या मर्यादांची चौकट १ ऑक्टोबर २००४ पासूनची आहे. भारत स्टेज-२ या उत्सर्जन मानकाच्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम इतकी मुभा आहे. स्टेज-२ आणि त्यानंतरच्या गाडीला हेच आकडे ०.५ टक्के आणि ७५० वर येतात. स्टेज-४ पासून ते ०.३ आणि २०० होतात, शिवाय इंजिन रेस करून लॅम्डा, म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण, तपासला जातो. म्हणजे आजच्या गाडीला जेवढा कार्बन मोनॉक्साइड चालतो, त्याच्या दहापट पद्मिनीला चालतो. ऐकायला ही सवलत मोठी वाटते. पण पद्मिनीचे मूळ इंजिन, म्हणजे १०८९ सीसीचे फियाट ११००, पन्नाशीच्या दशकातले आहे. तेव्हा भारतात धुरावर कसलेच बंधन नव्हते. नव्या पेट्रोल गाड्यांसाठी पहिली मानके १९९१ साली आली.

ब्रिटनमध्ये याच गाडीचे नशीब वेगळे असते. ऑगस्ट १९७५ पूर्वीच्या मोटारींचा धूर तिथल्या वार्षिक तपासणीत केवळ डोळ्यांनी पाहतात. त्यानंतर १९८६ च्या मध्यापर्यंतच्या गाड्यांना ४.५ टक्के आणि पुढच्या काही वर्षांच्या गाड्यांना ३.५ टक्के चालतात. २०१८ पासून तर चाळीस वर्षे उलटलेल्या, मोठे फेरबदल न केलेल्या मोटारींना ती तपासणीच बंधनकारक राहिलेली नाही. कॅलिफोर्नियासारख्या कडक राज्यानेही १९७५ पर्यंतच्या मोटारी सोडून दिल्या आहेत. भारतात १९६८ ची फियाट आणि १९९८ ची मारुती एकाच रांगेत, एकाच ३ टक्क्यांसमोर उभ्या राहतात. तरीही हा आकडा अन्यायाचा म्हणता येणार नाही. धडधाकट सोलेक्स कार्बोरेटर आणि नीट जळणारा प्लग असेल, तर जुने इंजिन या मर्यादेत सहज बसते. जी गाडी बसत नाही, तिच्यात बहुतेक वेळा वयापेक्षा बिघाड बोलत असतो.

तो बिघाड कुठला, हे मशीनवरचे दोन आकडे मिळून सांगतात. पीयूसीचा कागद लोक पास की नापास एवढेच पाहून घडी करून ठेवतात, पण जाणत्या मिस्त्रीच्या हाती तो पडला तर त्याला इंजिनचे अर्धे निदान बसल्या जागी करता येते. पेट्रोलचा एक भाग पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हवा कमी पडली की जळण अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. हे प्रमाण १३ च्या आसपास आले की ३ टक्क्यांची रेघ ओलांडलीच म्हणून समजावे. हायड्रोकार्बन म्हणजे मात्र न जळताच बाहेर पडलेले पेट्रोल. दोन्ही आकडे चढे असतील तर मिश्रण गडद आहे: फ्लोट उंच बसला असेल, नीडल व्हॉल्व्ह गळत असेल, चोकची केबल अडकली असेल किंवा एअर फिल्टर धुळीने भरला असेल. कार्बन मोनॉक्साइड कमी आणि हायड्रोकार्बन मात्र दोन-तीन हजार, असे दिसले तर गाडी मिसिंग मारते आहे. प्लग, पॉइंट, प्लगची वायर, किंवा मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून आत शिरणारी चोरटी हवा यांपैकी कुणीतरी गुन्हेगार असतो.

इथेच सर्वांत जास्त चुका होतात. गाडी नापास झाली की पहिला हात मिक्श्चर स्क्रूवर जातो. खरे तर तो शेवटी जायला हवा. सुरुवात इंजिन ऑइलपासून करावी, कारण चोक अडकलेल्या गाडीत पेट्रोल पिस्टनच्या बाजूने ओघळून ऑइलमध्ये उतरते. ते वाफेच्या रूपाने ब्रीदरमधून परत इंजिनात येते आणि कार्बोरेटर निर्दोष असूनही मशीनवरचा आकडा चढतो. त्यानंतर टॅपेट, मग डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचा गॅप, मग टायमिंग, मग प्लग. हा क्रम उलटा करून चालत नाही. पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंग सरकते, आणि टायमिंग सरकले की आधी केलेले स्लो, म्हणजे उभ्या गाडीतल्या इंजिनच्या वेगाचे, सेटिंग वाया जाते. एवढे झाल्यावर कार्बोरेटर उघडावा, जेट हवेने मारून साफ करावेत, फ्लोटची पातळी पाहावी. जेटमध्ये तार घालण्याची जुनी खोड मात्र घातक आहे. पितळेचे भोक केसाएवढे जरी मोठे झाले, तरी ती गाडी पुढे कायम जास्त पेट्रोल खाते आणि कारण कुणाला सापडत नाही.

आता स्क्रू. इंजिन पूर्ण गरम, चोक बंद. सोलेक्सचा मिक्श्चर स्क्रू हळूहळू फिरवत इंजिनचे फेरे जिथे सर्वाधिक होतात ती जागा शोधायची, मग थ्रॉटलच्या स्क्रूने वेग खाली आणायचा, आणि पुन्हा तीच जागा शोधायची. शेवटी मिक्श्चर स्क्रू आत घेत जायचे; फेरे नुकतेच पडू लागले की थांबायचे. बहुतेक निरोगी इंजिने इथे दोन-अडीच टक्क्यांच्या आसपास येतात. कान तयार असलेला उस्ताद हे मशीनशिवाय करतो. एसयू कार्बोरेटरला असा स्क्रू नसतो. तिथे जेटखालचा नट फिरवून सगळेच मिश्रण वर-खाली करावे लागते, त्यामुळे स्लोला केलेला बदल गाडीच्या पळण्यावरही दिसतो.

थ्रॉटलचा दांडा घासलेला असेल तर मात्र सगळी मेहनत पाण्यात जाते. तीस-चाळीस वर्षे फिरून तो दांडा आपल्या भोकात खुळखुळू लागतो, त्या फटीतून हवा आत येते आणि गाडी कधी स्लोला धरते, कधी बंद पडते. मिस्त्री ती धरून ठेवायला मिश्रण गडद करतो, आणि आकडा पुन्हा तीनच्या वर. यावर खरा उपाय लेथवर बुश बसवण्याचा आहे. वाळूजमुळे या शहरात लेथ आणि टर्नर यांची वाण कधी पडली नाही, ही जुन्या गाड्या जपणाऱ्यांची मोठी सोय आहे.

संभाजीनगरचा भूगोलही यात आपला वाटा उचलतो. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंचीवर आहे. इथली हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्क्यांनी विरळ. कार्बोरेटरला ते कळत नाही. तो हवेच्या वेगावर पेट्रोल ओढतो, तिच्या वजनावर नाही. हिशेब मांडला तर घनतेच्या घटीच्या जवळपास निम्म्याने मिश्रण गडद होते, म्हणजे तीनेक टक्के. मुंबईला अडीच टक्के कार्बन मोनॉक्साइडवर सेट करून आणलेली गाडी इथे काही न बिघडता नापास होऊ शकते. म्हैसमाळचा घाट चढला की फरक आणखी वाढतो. त्यातून डिसेंबरची पहाट आणि मेची दुपार यांत तापमानाचे अंतर तीस अंशांच्या घरात जाते, तेव्हा हवेची घनता नऊ-दहा टक्क्यांनी हलते. हिवाळ्यात केलेले सेटिंग उन्हाळ्यात थोडे तपासून घ्यावे असे जुने मिस्त्री सांगतात, त्यामागे हेच गणित आहे.

मे महिन्यात आणखी एक उपद्व्याप होतो. गाडी रांगेत दहा-पंधरा मिनिटे उभी राहिली की बॉनेटखालच्या उष्णतेने फ्लोटच्या कप्प्यातले पेट्रोल उकळू लागते आणि थेंबथेंब मॅनिफोल्डमध्ये सांडते. नेमक्या त्याच वेळी सायलेन्सरमध्ये मशीनची नळी गेली, तर आकडा भलताच येतो. म्हणून बीड बायपासवर गाडी वीसेक मिनिटे चांगली पळवून, सकाळच्या वेळी, गर्दी नसलेल्या केंद्रावर थेट जावे. मुद्दाम पळवण्यात लबाडी काही नाही. तपासणीच्या अधिकृत पद्धतीतही इंजिन गरम असणे आणि चोक बंद असणे अपेक्षितच आहे.

दुचाकींकडे वळले की चित्र बदलते. चेतकसारख्या टू-स्ट्रोक गाडीत जळालेला वायू बाहेर ढकलायचे काम नवे मिश्रणच करते आणि त्यातला बराचसा भाग, कधी कधी पाव हिश्श्याहून जास्त, न जळताच सायलेन्सरवाटे निघून जातो. म्हणून मार्च २००० पर्यंतच्या दुचाकी-तीनचाकींना ४.५ टक्के आणि तब्बल ९००० पीपीएमची मुभा ठेवली आहे. आणि गंमत अशी की टू-स्ट्रोकची ओळख असलेला निळा धूर पेट्रोलच्या पीयूसीत मोजलाच जात नाही. धुराची घनता फक्त डिझेलला तपासतात. मागच्या माणसाचे डोळे चुरचुरवणारी स्कूटर कागदावर पूर्ण निर्दोष असू शकते.

हे वैगुण्य दुचाकींपुरते नाही. जुन्या पेट्रोल गाडीची तपासणी फक्त स्लोवर होते. कार्बोरेटरमध्ये स्लोचा मार्ग वेगळा आणि पळण्याचा, म्हणजे मेन जेटचा, वेगळा. केंद्रावर पहिल्याची परीक्षा होते. जालना रोडवर गाडी दिवसभर चालते ती दुसऱ्यावर. मेन जेट झिजून मोठा झालेली मोटार केंद्रावर दीड टक्का दाखवील आणि उड्डाणपुलावर चढताना काळा धूर ओकेल. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत हे शहर आहे, पण ते हवेतल्या धूलिकणांमुळे. पेट्रोल गाडीची पीयूसी धूलिकण मोजतच नाही. शहराच्या हवेची जी तक्रार आहे आणि मालकाकडून ज्याचा कागद मागितला जातो, त्या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

त्यात पळवाटांची भर. परीक्षेपुरता स्क्रू आत घ्यायचा, कागद हाती आला की बाहेर फिरवायचा, ही सर्वांत सभ्य पळवाट. नळी सायलेन्सरमध्ये किमान ३०० मिलिमीटर आत जायला हवी; ती टोकालाच टेकवली तर बाहेरची हवा मिसळून आकडे आपोआप सुंदर दिसतात. कॅगच्या दिल्लीविषयीच्या अहवालात, जो २०२५ साली तिथल्या विधानसभेत मांडला गेला, मर्यादा ओलांडूनही प्रमाणपत्र मिळालेल्या १.०८ लाखांहून अधिक पेट्रोल-सीएनजी गाड्यांची नोंद आहे. २०२१ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने देशभर प्रमाणपत्राचा एकच नमुना, क्यूआर कोड आणि नापास गाडीसाठी नकाराची चिठ्ठी आणली. ही चिठ्ठी खरे तर मालकाच्या फायद्याची आहे, कारण तिच्यावर नापासाचे कारण नोंदवणे अपेक्षित आहे. ती मागून घेणारा मालक विरळाच.

दंडाचा धाक मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजारांपर्यंत गेला. पीयूसी नसेल तर इंधन नाही, असे धोरण आणण्याची घोषणाही राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी २०२५ मध्ये केली. पेट्रोल पंपावर कागद तपासण्याचा अनुभव या जिल्ह्याला नवा नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये इथे कोरोनाच्या लशीचे प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय पेट्रोल देऊ नये असा आदेश निघाला होता.

आणि त्या पंपातून येणारे पेट्रोलही आता पूर्वीचे राहिलेले नाही. २०२२ च्या मध्याला देशाने सरासरी दहा टक्के इथेनॉलचा टप्पा गाठला, २०२५ पर्यंत वीस टक्क्यांचे पेट्रोल सर्वत्र पोचले. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे या मिश्रणाला १४.७ ऐवजी साधारण साडेतेरा भाग हवा पुरते. इंजेक्शनची गाडी हे ओळखून पेट्रोल वाढवते. कार्बोरेटर जेटच्या भोकाएवढेच देत राहतो, म्हणजे जुनी गाडी आपोआप सातआठ टक्क्यांनी फिकी चालू लागते. याचा परिणाम मजेशीर आहे: जी पद्मिनी शुद्ध पेट्रोलवर काठावर नापास होत होती, ती ई-२० वर स्क्रूला हात न लावता पास होऊ शकते.

पण किंमत दुसरीकडे मोजावी लागते. मिश्रण फिके झाले की सकाळी गाडी लवकर उठत नाही, पिकअप देताना अडखळते, लांबच्या प्रवासात व्हॉल्व्ह जास्त तापतात. इथेनॉल पाणी धरते. गाडी महिनाभर उभी राहिली की फ्लोटच्या तळाशी पांढरी भुकटी जमते, कारण कार्बोरेटरची ओतीव धातूची भांडी त्या ओलाव्याने गंजतात. जुने रबर फुगते, फ्युएल पंपाचा पडदा कडक होतो. उपाय आहेत आणि ते महागही नाहीत: मेन आणि स्लो जेट एक आकडा मोठे बसवणे, पाइप आणि पडदे इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घेणे, गाडी ठेवून द्यायची असेल तर कार्बोरेटर रिकामा करणे. अडचण एवढीच, की जेट बदलले की पीयूसीचे गणित पुन्हा पहिल्यापासून मांडावे लागते. साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात इथेनॉलविरुद्ध बोलणे लोकप्रिय नाही, पण जुन्या गाड्यांसाठी कमी इथेनॉलचे साधे पेट्रोल एखाद्या पंपावर तरी ठेवले जावे ही मागणी अवाजवी नाही.

कायद्याने वयस्क गाड्यांचा वेगळा विचार एकदा केला आहे. जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम आले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या, मूळ रूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ अक्षरांची खास पाटी मिळते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. मात्र ही पाटी घेतली की गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशाच कामांसाठी रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराची परवानगी जाते. संग्रहालयाला हे ठीक. रविवारी कुटुंबाला दौलताबादला नेणाऱ्याला नाही.

आणि पंधरा ते पन्नास या मधल्या वयाचे काय? पद्मिनी हे नाव १९७४ पासूनचे. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची होती, आणि वीस वर्षांची अट संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ ला काळ्यापिवळ्या पद्मिनीचा मुक्काम हलला. दिल्लीत २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने पंधरा वर्षांपुढची पेट्रोल गाडी रस्त्याबाहेर गेली. पुढे त्यात बदल होत राहिले. महाराष्ट्रात खासगी गाडीवर अशी सरसकट वयोमर्यादा नाही. पंधरा वर्षांनंतर फेरनोंदणी, पर्यावरण कर आणि सहामाही पीयूसी, एवढे पाळले की गाडी चालते. म्हणजे इथे गाडीचे आयुष्य खरोखरच स्क्रू फिरवणाऱ्याच्या हातात आहे, आणि तो हातच कमी होत चालला आहे. भारत स्टेज-६ आल्यावर एप्रिल २०२० पासून नव्या गाडीत कार्बोरेटर क्वचितच सापडतो. आज गॅरेजमध्ये शिकायला येणारा मुलगा आधी स्कॅनर लावायला शिकतो. पॉइंटचा गॅप फीलर गेजने मोजायला त्याला कुणी बसवत नाही.

काही हौशी मालक सायलेन्सरला भोक पाडून लॅम्डा सेन्सर बसवतात आणि डॅशबोर्डवर मिश्रणाचा आकडा गाडी पळत असताना वाचतात. केंद्रावरच्या तपासणीपेक्षा ही परीक्षा कितीतरी कठोर. काही जण याच्या पुढे जाऊन कार्बोरेटरच काढून टाकतात आणि इंजेक्शनचे किट चढवतात. धुराच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण व्हिंटेजच्या नियमात गाडी मूळ रूपात हवी, मोठे फेरबदल नकोत, अशी अट आहे. पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली ती १४ डिसेंबर १९८३ रोजी. त्या खेपेच्या गाड्या २०३३ च्या अखेरीस पन्नाशी गाठतील. तोवर दर सहा महिन्यांनी ३ टक्क्यांच्या आत राहायचे आणि तेही जुन्याच कार्बोरेटरवर, असा त्यांच्या मालकांसमोरचा हिशेब आहे.